आबांच्या सौद्यातलं कपाट

मित्रांनो, मी एक लोखंडी कपाट आहे. स्वतःला जुनं म्हणवून घ्यायला माझं मन अजून तयार होत नाही, कारण मला बनवून पाच वर्षंसुद्धा झालेली नाहीत. पण माझ्या अंगावरचा गंज बघितलात, तर मी तुमच्या पणजोबांच्या लग्नातलं आहे असंच तुम्हाला वाटेल. वाटू द्या. आधी माझं ऐकून तरी घ्या.

विट्याजवळच्या एका कारखान्यात मी तयार झालो. जाड पत्रा कापून, वाकवून, जोडून मला उभं केलं. मग मोरपंखी रंग मारून भट्टीत भाजलं. आत तीन कप्पे, एक लॉकर, साड्या अडकवायला दांडी. माझं दार लावलं, की कसा भारदस्त आवाज यायचा. आमच्या कारखान्यातल्या बाकीच्या कपाटांचे पत्रे पातळ होते, माझा नव्हता. हे मी उगाच फुशारकी म्हणून सांगत नाही, खरं आहे ते सांगतो.

पण नशीब बघा. दुकानात उतरवताना हमालांच्या हातून दोर सुटला आणि माझी पाठ दुकानाच्या पायरीवर आदळली. भाकरीएवढा पोचा पडला. दुकानाचे मालक लालासाहेब हमालांवर खूप ओरडले आणि त्यांनी मला पाठ भिंतीला लावून उभं करून ठेवलं. समोरून बघणाऱ्याला काहीच कळत नसे. गिऱ्हाइकं यायची, रंगावर हात फिरवायची, किंमत ऐकून पुढं जायची.

ते म्हाळाचे, म्हणजे पितृपक्षाचे दिवस होते. त्या पंधरवड्यात कुणी नवी वस्तू घरी नेत नाही, त्यामुळे सगळी दुकानं ओस पडलेली. नेमके त्याच दिवसांत बिरदेवआबा आले. आटपाडीच्या पलीकडच्या वाडीतले, मेंढरं पाळणारे. डोक्याला लाल फेटा, खांद्यावर रुमाल. त्यांच्या लेकीचं, सोनियाचं लग्न ठरलं होतं आणि तिच्या संसाराला कपाट घ्यायचं होतं.

"आवं आबा, म्हाळात कोण खरेदी करतं?" लालासाहेबांनी विचारलं.

"न्ह्यायचं दसऱ्यानंतर. सौदा आज करायचा," आबा म्हणाले. "आज तुमी रिकामं बसलाय. लग्नसराईत तुमी माज्याशी बोलायचं बी न्हाई."

लालासाहेब हसले. आबा त्याआधी दुसऱ्या दोन दुकानांत चहा पिऊन आले होते, हे त्यांनी ओळखलं. आबांनी आमच्यातलं एकेक कपाट बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं. माझ्यापाशी आल्यावर दोनदा वाजवलं. पण मी आवडलोय हे चेहऱ्यावर दिसू दिलं नाही आणि पलीकडच्या कपाटाचा भाव विचारला. मला भलताच राग आला. थोड्या वेळानं ते परत फिरले, मला मिठीत धरल्यासारखं करून भिंतीपासून पुढं ओढलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मेंढरू घेताना ते असंच पाठीवरून हात फिरवत असणार.

"हे काय हाय, लालासाहेब?"

लालासाहेबांनी कपाळावर हात मारला.

भाव चारचौघांत बोलायचा नसतो, अशी आबांची रीत. जनावरांच्या बाजारात ते आयुष्यभर तसंच करत आले होते. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, लालासाहेबांच्या हातावर टाकला आणि रुमालाखाली त्यांची बोटं दाबायला सुरुवात केली. लालासाहेबांचे वडीलही बैलांचे दलाल होते, त्यामुळे त्यांना ती खूण कळत होती. दोघंही तोंडानं पावसापाण्याचं बोलत होते आणि रुमालाखाली मात्र झटापट चालली होती. आबा दोनदा उठून दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा लालासाहेबांनी त्यांना परत बोलावलं. शेवटी सौदा पटला तेव्हा आबांचा चेहरा असा खुलला, की मलाही बरं वाटलं.

वाचलेल्या पैशांचं त्यांनी काय केलं असेल? माझ्या दाराला उंच आरसा बसवून घेतला. "घरात तळहाताएवढा आरसा हाय," ते म्हणाले, "त्यात पोरीला एका टायमाला एकच डोळा दिसतो." आणि पोच्याबद्दल त्यांनी लालासाहेबांना सांगितलं, "कपाटाची पाठ भिंतीकडंच असती. कोण बघतंय?"

मित्रांनो, एवढा तयारीचा माणूस, पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. आमच्याकडं लेकीला दिलेलं सगळं साहित्य लग्नाच्या दिवशी मांडवात मांडतात, पावण्यारावळ्यांनी बघावं म्हणून. मांडवाला भिंत नसते.

लग्न नवऱ्या मुलाच्या गावी होतं, तासगावजवळ. तेही मूळचे मेंढरंवालेच, पण मेंढरं सोडून त्यांनी द्राक्षाची बाग केलेली. मला मांडवात मधोमध उभं केलं. बायका माझ्याभोवती फिरू लागल्या. एकीनं दुसरीला कोपरखळी मारली, दुसरी तिसरीच्या कानाला लागली. सोनियाची सासू धोंडुबाई तिथं आली तोवर सगळ्या पदराआड हसत होत्या. धोंडुबाईंनी गावभर सांगून ठेवलं होतं, की व्याही मोठं आरशाचं कपाट देणार आहेत. त्या माझ्या पाठीकडं बघत राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला, आणि मग रागानं लाल झाला.

आबा तेव्हा मांडवाच्या दारात येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडत होते. त्यांना यातलं काहीच कळलं नाही. सोनियाला कळलं. ती पाटावर बसायला निघाली होती, माझ्या आरशात मला तिचं तोंड दिसलं. हळद लागलेलं ते तोंड एकदम पांढरं पडलं होतं.

तिथून पुढं तिचा संसार सुरू झाला आणि त्याबरोबर टोमणेही. चहात साखर कमी पडली तरी धोंडुबाई म्हणायच्या, "तुज्या बानं लेकीच्या लग्नात बी बाजारच केला." शेजारच्या बायका तिला 'पोचावाली' म्हणायच्या, हळू आवाजात, पण तिला ऐकू जाईल असं. नवरा नानासो तसा वाईट नव्हता. आईपुढं त्याचं काही चालत नसे, म्हणून तो मोटार चालू करायला मळ्यात निघून जाई. सोनिया दार लावून माझ्यापुढं उभी राहायची. आधी डोळे पुसायची, मग आरसा पुसायची. इतकी गुणी पोर, आणि तिला रडायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मला हात असते तर मी तिच्या डोक्यावरून फिरवले असते. मी नुसता उभा होतो.

आणि आबा? आबा आले की माझ्यासमोरच खुर्ची टाकून बसायचे. कुणीही पावणा असो, त्याला गोष्ट सुरू. "लालासाहेबाला घाम फोडला म्या. दोनदा दारापातूर गेलो. दोनदा हाक मारली गड्यानं." सगळं सांगून झालं की लेकीला विचारायचे, "कसं हाय गं कपाट?"

"लय भारी हाय, आबा," सोनिया म्हणायची. "गावात कुणाकडं असं न्हाई."

मग आबांना असा काही आनंद व्हायचा, की विचारू नका. मुलीची आई लवकर गेली होती, पोरीचं लग्न त्यांनी एकट्यानं पार पाडलं होतं आणि त्यात त्यांना सगळ्यांत जास्त अभिमान या सौद्याचा होता. तो मोडू द्यायचा नाही, असं सोनियानं मनाशी ठरवलं होतं. धोंडुबाईंना तिनं एकदा हात जोडून सांगितलेलं मी ऐकलंय. "आत्या, मला काय बी बोला. आबांम्होरं तेवढं कपाटाचं काडू नगा." धोंडुबाईंनी तेवढं मात्र पाळलं. त्यांचंही मन अगदीच दगडाचं नव्हतं, हे मी मान्य करतो.

पुढच्या दिवाळीला धोंडुबाईंनी तासगावातून नवं लाकडी कपाट आणलं आणि मला बेदाण्याच्या शेडवर हलवलं. माझ्या कप्प्यांत फवारणीच्या बाटल्या, सुतळीचे गुंडे, फाटकी जाळी. बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. माणसांना त्या धुरानं ठसका लागतो, लोखंडाला तर तो खातच जातो. दोन हंगामांत माझा मोरपंखी रंग फुगून निघाला. आरसा आतून काळा पडत गेला. शेडवरच्या बायका त्यात तोंड बघून कुंकू नीट करायच्या, तेवढीच काय ती माझी विचारपूस.

आबांनी विचारलं, तर सोनिया सांगायची, "वर माडीवर न्हेलंय, आबा. आमच्या खोलीत." आबांचे गुडघे दुखायचे. त्यांना जिना चढवत नव्हता. ते खालूनच वर बघायचे आणि समाधानानं मान हलवायचे.

गेल्या वर्षी बेदाण्याच्या हंगामात ते लेकीला भेटायला आले. घरी कुणीच नव्हतं, सगळे शेडवर. म्हणून ते चालत शेडवर आले. सोनिया पलीकडच्या टोकाला द्राक्षं पसरत होती. आबांना तहान लागली होती. पाण्याचा माठ माझ्या शेजारीच होता. त्यांनी तांब्या बुडवला, तोंडाला लावला, आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

माझा रंग उरला नव्हता, तरी त्यांनी ओळखलं. माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि तिथंच खाली बसले. बेदाणे निवडणारी एक बाई म्हणाली, "आवं आबा, ते पोच्याचं कपाट हाय. सुनंच्या म्हायरचं. मांडवातच हसं झालं बगा त्येचं." आपण कुणाशी बोलतोय, हे त्या बिचारीला माहीत नव्हतं.

आबांच्या तांब्यातलं पाणी तसंच राहिलं. लेक यायच्या आत ते उठले, डोळ्यांवरून रुमाल फिरवला आणि दुसऱ्या बाजूनं तिच्याकडं गेले, जणू आत्ताच आलेत. सोनियानं घाबरून माझ्याकडं बघितलं. मग त्यांच्याकडं. आबा हसून तिच्या तान्ह्या पोराची चौकशी करत होते. तिला वाटलं, त्यांनी मला बघितलं नाही.

आठवड्याभरानं त्यांनी टेम्पो आणला. वर कोरं करकरीत कपाट. घरासमोर, दिवसाढवळ्या, सगळ्या आळीदेखत उतरवून घेतलं. धोंडुबाईंनी चारही बाजूंनी फिरून बघितलं आणि त्यांना बोट ठेवायला जागा मिळाली नाही. त्या ओशाळून चहा ठेवायला आत गेल्या.

"आबा, हे कशापायी?" सोनियानं विचारलं.

"लालासाहेबानं ऑफर काडली हाय," आबा म्हणाले. "जुनं द्या, नवं न्या. फुकटात पडलं म्हण की. असं घावंल का पुन्यांदा? कुटं हाय जुनं? काडा."

मला शेडवरून आणून टेम्पोत चढवलं. माझी ती दशा बघून आबा एका शब्दानं काही म्हणाले नाहीत, आणि सोनियाला सगळं समजलं. माडीवरचं कपाट शेडवरून आलं, तरी बापानं विचारलं नाही. मग त्यानं विचारायचं का टाळलं, हे लेकीला कळणार नाही होय? ती पदर तोंडात धरून उभी राहिली.

"लय चांगला सौदा केला, आबा," ती कशीबशी म्हणाली.

"व्हय गं," आबा म्हणाले. "तुज्या बाला कोण फशिवतंय."

ऑफर वगैरे काही नव्हती. वाटेत ड्रायव्हरच्या तोंडून मी ऐकलं. आबांनी तीन मेंढ्या विकल्या होत्या. लालासाहेबांनी सांगितली ती किंमत त्यांनी तशीच देऊन टाकली. खांद्यावरचा रुमाल काढलासुद्धा नाही. लालासाहेबच म्हणाले, "आबा, काय तरी कमी करा म्हणा की." आबा म्हणाले, "न्हाई. बरोबर हाय." ड्रायव्हरला त्याचं हसू येत होतं. मला भडभडून आलं.

आता मी आबांच्या वाडीत, त्यांच्या खाटेजवळ असतो. माझ्यात मेंढरांची औषधं आहेत. आबा हल्ली बाजाराला जात नाहीत. कुणी दारात येऊन भाव सांगितला, की त्या भावाला जनावर देऊन टाकतात.

मित्रांनो, घरात वस्तू घेताना भाव जरूर करा. चार दुकानं फिरा, वाजवून घ्या, फिरवून बघा. त्यात लाज कसली? पण कुणाची लेक तुमच्या घरी आली, तर तिच्याबरोबर आलेल्या सामानाभोवती फिरून तिची किंमत करू नका. हात जोडून सांगायला मला हात नाहीत, तेव्हा हे असंच ऐकून घ्या. सामानाला गंज चढला तर चढू दे. माणसांचं काय होतं, ते मी रोज बघतो.

रोज दिवस मावळला, की सोनियाचा फोन येतो. "मी बरी हाय, आबा. हितं समदं लय चांगलं हाय." पूर्वी एवढं ऐकलं, की आबा खुशीत जेवायला बसायचे. आता ते फोन कानाला तसाच धरून ठेवतात. ती काय म्हणतेय ते ऐकत नाहीत, ती कशी म्हणतेय ते ऐकतात. मग विचारतात, "खरं सांग, पोरी." ती म्हणते, "खरंच, आबा." आणि फोन ठेवल्यावर आबा वाडीत विचारत फिरतात, उद्या तासगावाकडं कोण जाणार आहे.