दुपारचा पाहुणा

व्हर्नाने खिळा उचलला आणि तबकडीवरच्या तिसऱ्या गाण्यावर आडवी रेघ ओढली. चर्रकन आवाज झाला. अमेरिकेतल्या डेटनच्या त्या छोट्या रेडिओ केंद्रावर आता हे गाणं कुणाला चुकूनही वाजवता येणार नव्हतं.

"अगं आई, गवत म्हणजे दर वेळी गांजाच नसतो, तो खरंच गवताबद्दल गातोय," लाइल हसत म्हणाला. "शेतकरी आहे बिचारा."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू ऐकून घेशील तर ना!"

पोरांच्या गाण्यांत गांजा-अफू लपवलेली असते, तशी गाणी वाजवाल तर जबाबदारी तुमची, अशी तंबी सरकारकडून आल्यापासून मालक क्रँडल यांची झोप उडाली होती. चर्चमध्ये ऑर्गन वाजवते म्हणून गाणी तपासायचं काम त्यांनी टायपिस्ट व्हर्नाच्या गळ्यात मारलं. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आकाशी तिकिटं लोकांच्या जिभेवर ठेवणाऱ्या पोस्टमनचं गाणं तिने मोठ्या कौतुकाने पास केलं होतं. ती तिकिटं नशेची असतात, हे तिला सांगताना लाइल हसून खुर्चीवरून पडायचाच बाकी होता. तेव्हापासून ती त्याला सोबत आणू लागली. व्हिएतनामहून परतल्यापासून पोरगा घरात नुसता पडून असायचा. इथे निदान हसायचा, आणि तिला तेवढंही पुष्कळ होतं.

तिने पुढची तबकडी लावली. कुणीतरी अगदी हळू गात होतं. दुपारी एक पाहुणा येतो. तो आला की हाडांतली थंडी जाते. नाही आला, तर आईच्या घरातसुद्धा हुडहुडी भरते.

"यात काही नाही," लाइल म्हणाला. "पास कर."

गाणं अजून अर्धंही झालं नव्हतं. एरवी तो शेवटपर्यंत ऐकायचा, शब्दाशब्दाला थांबवून तिची फिरकी घ्यायचा. आता तो खिडकीबाहेर बघत होता.

भर ऑगस्टच्या उकाड्यात तो दोन-दोन रजया ओढून कुडकुडायचा, तेव्हा व्हर्ना शेजारणींना सांगायची, तिकडचा मलेरिया आहे, जाता जात नाही. डॉक्टरचं नाव काढलं की तो अंगावर धावून यायचा. आज पहिल्यांदाच एक गाणं तिला कुणी न सांगता कळलं होतं, ती थंडी मलेरियाची नव्हती, आणि हे कळलं नसतं तर फार बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

"सांगितलं ना, काही नाही त्यात."

"मग लाव की."

त्याने सुई उचलली. पण ती नीट टेकेना. व्हर्नाने त्याच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघांनी मिळून ती टेकवली. गाणं सुरू झालं, संपलं.

क्रँडलनी दारातून डोकं आत घातलं. "काय व्हर्ना, हे चालेल का?"

"चालेल," ती म्हणाली. "दुपारी लावा. आया घरी असतात तेव्हा. त्यांनाही ऐकू दे."

लाइलने मान खाली घातली. हात मात्र त्याने सोडवून घेतला नाही.