रिशाची हाक बाजारात गेली

मी पेटी बोलतेय. पेटी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे भजनातली बाजाची पेटी येईल, नाहीतर लग्नात दिलेली पत्र्याची. मी त्यांतली नव्हे. मी गिटारची पेटी, शिलाँगची. गिटार झोपते ती माझ्यात, आणि ती वाजत असते तेव्हा मी कुठल्यातरी कोपऱ्यात झाकण उघडं टाकून पडलेली असते. म्हणजे ज्या गाण्यांनी आमच्या रिशाचं नाव झालं, ती सगळी मी रिकाम्या पोटी ऐकली आहेत.

जरा भरभर सांगते, कारण वरच्या रस्त्यावर जीप यायची आहे. मला एका जागी बसवत नाही. तो माझा जन्मापासूनचा स्वभाव आहे आणि त्याला कारणही तसंच आहे.

माझा जन्म शिलाँगच्या लाबान भागात बाह किटबोर यांच्या दुकानात झाला; बाह म्हणजे आमच्याकडचं दादा. ते शवपेट्या करायचे. उरलेल्या देवदाराच्या फळ्या, उरलेली पितळी कडी आणि उरलेलं पांढरं मऊ अस्तर यांतून त्यांनी मला जोडलं. माझ्याबरोबरच्या साऱ्या बहिणी जमिनीखाली गेल्या, कायमच्या निजल्या. मी एकटी वर राहिले. तेव्हाच ठरवलं की आपण काही पडून राहायचं नाही.

पण ठरवून काय होतं? ज्यांनी मला करवून घेतलं ते बाह डोनबोक चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी गिटार वाजवायचे. वर्षभर रविवारी रविवारी का होईना, मला हवा लागली. मग त्यांचं लग्न झालं, ते बायकोच्या घरी राहायला गेले आणि मी कपाटावर. माणसं हौस कपाटावर ठेवतात आणि म्हणतात, वेळ मिळाला की काढू. मुंग्यांना मात्र तिथे भरपूर वेळ मिळतो.

त्या घरात कॉलेजसाठी खोली घेऊन एक मुलगी राहायला आली. बालारिशा तिचं नाव. दक्षिणेच्या उतारावरच्या गावची, जिथे सुपारी पिकते आणि केरसुणीचं गवत पिकतं. त्या घरचे तिला रिशा म्हणायचे, पण ते शहरात. गावात तिला कुणीच नावाने हाक मारत नसे.

तिच्या गावात मूल जन्मलं की आई त्याच्यासाठी एक सूर गुणगुणते. शब्द नाहीत, नुसता सूर. तीच त्या मुलाची हाक. घरात हळू, आखूड. उतारावरून बोलवायचं तर लांबवून. नाव असतं, पण ते शाळेपुरतं आणि सरकारपुरतं. रानात नाव घेतलं तर जे ऐकू नये ते ऐकतं, असं म्हातारी माणसं म्हणतात. सूर मात्र त्याला उमगत नाही. एकाचा सूर दुसऱ्याला देत नाहीत. माणूस गेलं की सूर गेला.

डोनबोकच्या बायकोने एके दिवशी कपाट झाडायला काढलं आणि मला गिटारसकट रिशाच्या दारात आणून आदळलं. "ने गं बाई हे. आमचे हे म्हणतात, वाजवणार आहे, वाजवणार आहे. पोरं शाळेत जायला लागली तरी यांचं 'आहे' संपेना."

रिशाने माझी कडी उघडली. ती सहजी उघडत नाही; ज्या कामासाठी ती घडली होती तिथे पुन्हा उघडायचा प्रश्नच नसतो. पोरीने केसातली पिन घालून उघडली. त्या दिवसापासून माझं आयुष्य सुरू झालं असं मी मानते.

ती गाणी स्वतः रचायची, आपल्या खासी भाषेत. जीपमध्ये मांडीवर कोंबडी घेऊन बसलेल्या बाईचं गाणं. वसतिगृहाच्या खिडकीचं गाणं. मामाच्या दुखऱ्या गुडघ्याचंही एक होतं. आवाज काही मोठा नव्हता, पण समोरचा माणूस बोलायचा थांबून ऐके. लाइतुमख्राच्या चहाच्या दुकानांतून ती गायची आणि मी तिच्या पायाशी. लोक जाता-येता माझ्या झाकणावर चित्रं चिकटवायचे. मी सुखात होते.

तिची गाणी ध्वनिमुद्रित केली बांतेईने. हा तिचा कॉलेजमधला मित्र, पुढे तिचे कार्यक्रमही तोच ठरवू लागला. भिंतींना घोंगड्या टांगून त्याने खोलीचा स्टुडिओ केला होता. तिथे ती घराकडे परतायचं एक गाणं गात होती आणि त्याचं मन भरत नव्हतं.

"मधे काहीतरी पकडायला हवं," तो म्हणाला. "लोकांच्या तोंडात बसेल असं. नुसतं दुःख दुःख काय!"

रिशाने डोळे मिटले आणि आईची लांब हाक गुणगुणली. घोंगड्याही ऐकत राहिल्या असतील.

"हा कुणाचा सूर?" बांतेईने विचारलं.

"माझा."

"मग झालं तर! घाल."

तिने घातला. झालं ते एवढंच.

गाणं वणव्यासारखं पसरलं. लोक त्याला नुसतं हाकेचं गाणं म्हणायचे. शब्द कुणाच्या लक्षात नसत, सूर मात्र सगळ्यांच्या तोंडी. आणि मग एक गंमत सुरू झाली. इएवदूहच्या बाजारात मासेवाल्याने त्याच सुरावर शीळ घातली, रिशा गर्रकन वळली. "ओ" देणार तेवढ्यात तिच्या लक्षात आलं. मैत्रिणी हसून लोळल्या. जीपमध्ये कुणाचा फोन वाजला, ती वळली. लग्नाच्या पंगतीत पोरांनी तो सूर धरला, तिच्या हातातला भात सांडला. लहानपणापासून त्या सुरावर तिचं सगळं अंग उठायचं. ते तिच्या हातात नव्हतंच.

गंमत फार दिवस टिकली नाही. दिवसभर लोक तुम्हाला हाका मारतायत आणि बघावं तर कुणालाच तुमच्याशी काम नाही, असं कधी झालंय तुमचं? रिशा एका जागी थांबेना. गुवाहाटी, आयजोल, कोहिमा, कोलकाता. बांतेई एक कार्यक्रम म्हणे, ती दोन घेई. मला विचाराल तर मी खूश होते. आगगाडी, विमान, बसच्या टपावर दोरीने बांधलेली मी, आणखी काय हवं? पण तिची भटकंती माझ्यासारखी नव्हती. मी कुठेतरी जायला निघालेली असायचे, ती कशापासून तरी. कोलकात्यात लिफ्टमध्ये एक मुलगी तोच सूर गुणगुणत उभी होती. रिशाने मान वळवली नाही. नुसती मूठ आवळली. ती मान आवरायला शिकली होती आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

मग आम्ही गावी गेलो. पुष्कळ दिवसांनी. जीपमधून उतरून दगडी पायऱ्या उतरताना ती मला पाठीवर घेऊन पळतच होती. घरी आई, म्हणजे तिची मेई, चुलीपाशी. मामा ओट्यावर सुपारी कातरत. रिशाने वाकून पान-सुपारी घेतली, चहा प्यायली आणि झऱ्याकडे गेली.

दिवे लागायच्या वेळेला उतारावर आया पोरांना बोलावतात. एकेक सूर दरीत उतरतो, खालून त्याला ओ येते. मी ओट्यावर होते. शेजारच्या अंगणातून सूर गेला. पलीकडून दुसरा गेला. मग रिशाची मेई दारात आली आणि मोठ्याने म्हणाली, "बालारिशा! जेवायला ये!"

शाळेच्या पटावरचं नाव. शेजारणीने पाखडता पाखडता सूप खाली ठेवलं.

रिशा धावतच वर आली. "मेई, तू मला नावाने हाक मारलीस."

"मग कशाने मारू?"

"सुराने मार ना. माझ्या."

"तुझा सूर!" मेई म्हणाली. ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. "पहिल्यांदा जीपवाल्याने वाजवला तेव्हा हातातलं पीठ टाकून मी अंगणात धावले. म्हटलं, पोर आली, कुणीतरी तिला हाक मारतंय. बघते तर मोकळा रस्ता. मग तो रोज वाजवायला लागला. मी रोज धावले. गावातल्या बायका हसायच्या. नंतर हसायच्याही बंद झाल्या."

"मला वाटलं, माझाच आहे, गाण्यात घातला तर काय बिघडलं."

"तू कधी स्वतःला हाक मारलीस का?" मेईने विचारलं. "नाही ना? हाक मारणाऱ्याची असते, बाळ. ती मी मारायची. आता जग मारतं. मी कशाला गर्दी करू?"

मामांनी मधे तोंड घातलं. "माझीही पंचाईत झाली आहे बघ. मी आपला 'ए पोरी' म्हणतो. त्यावर गावातल्या सगळ्या पोरी ओ देतात."

कुणी हसलं नाही. जेवण झालं. भात फार शिजला होता, त्यावर दोघी बोलल्या, बाकी कशावरच नाही.

त्यानंतर शिलाँगला मोठा कार्यक्रम होता, मैदान भरलेलं. लोकांनी हाकेचं गाणं मागितलं. रिशा म्हणाली, "ते मी आता म्हणत नाही." लोकांना वाटलं नखरा करते. एका कोपऱ्यातून कुणीतरी सूर धरला आणि बघता बघता सगळं मैदान तो म्हणू लागलं. मी पडद्याआड होते. माझ्या फळ्या थरथरल्या. रिशा माइकपुढे हात खाली सोडून उभी राहिली आणि मग आत निघून आली.

बांतेई चिडला. "अगं, लोक तुझंच गाणं गातायत आणि तू रडतेस? लोक यासाठी जन्मभर देव पाण्यात घालून बसतात!"

"इतके लोक मला बोलावतायत, बांतेई, आणि मला यांतल्या कुणाकडे जायचंच नाहीये," ती म्हणाली. तिने गिटार माझ्यात ठेवली, कडी लावली. बांतेई बिचारा मनाने वाईट नाही. त्याला तो सूर लोकांच्या तोंडून परत घ्यायला सांगितलं असतं तरी त्याने प्रयत्न केला असता. पण तोंडातून गेलेलं कुणाला परत आणता आलंय?

पुढच्या वर्षी रिशाचं लग्न झालं. नवरा केरलांग, तिच्या साथीला ढोल वाजवणारा. आमच्या रीतीप्रमाणे तो सासूच्या घरी राहायला आला आणि आल्या आल्या त्याला गवत कापायला पाठवलं. "ढोल बडवून हात मजबूत झाले असतील," मामा म्हणाले. मेई त्याच्याशी गोड वागे, रिशाशीही वागे. सगळं देई, हाक तेवढी देत नसे. रिशा गाणी म्हणे, पण घरापुरती, दार लोटून. मी खाटेखाली होते. कपाटावरून खाटेखाली, एवढाच काय तो माझा प्रवास. मला गुदमरायला व्हायचं.

मग मुलगी झाली.

बाळाला सूर द्यायची वेळ सकाळची. बाळंतिणीने जवळ घेऊन पहिल्यांदा जे तोंडातून येईल ते गुणगुणायचं. त्यासाठी विचार करायचा नसतो. घरची माणसं जमली. मेईने मला खाटेखालून ओढून बाहेर काढलं, गिटार उचलून गादीवर ठेवली आणि माझं झाकण उघडून सगळ्यांपुढे धरलं. "फोन टाका यात. सगळ्यांनी. या पोरीचा सूर यंत्राच्या तोंडी गेलेला मला चालणार नाही."

सगळ्यांनी निमूट टाकले. कडी लागली. मी इतकी जबाबदार याआधी कधीच नव्हते. श्वास धरून बसले.

रिशाने बाळाला छातीशी घेतलं, ओठ उघडले.

आणि माझ्या पोटात फोन वाजला. हाकेचं गाणं. तोच सूर, मोठ्याने.

देवा, जमीन दुभंगेल तर बरं असं झालं मला! केरलांग कडीशी झटू लागला, कडी उघडेना. "पिन आणा, पिन!" "कुणाचा आहे हा मेला फोन?"

"माझा," मामा म्हणाले. सुपारीसारखं तोंड बारीक झालं होतं त्यांचं. "पोरगी सारखी लांब असायची. म्हटलं, तेवढीच घरात असल्यासारखी वाटेल."

मेई त्यांच्यावर तुटून पडणार होती. पण ती रिशाकडे बघत होती. रिशाने मान वर केली नव्हती. ती बाळाकडेच बघत होती, जणू काही वाजतच नव्हतं.

"तुला ऐकू आलं नाही?" मेईने विचारलं.

"आलं."

"मग?"

"मी आता वळत नाही, मेई. शिकले. कुणी कितीही वाजवलं तरी."

मेई मटकन खाली बसली. "मी हाक मारायची सोडली," ती म्हणाली, "आणि तू ओ द्यायची. मग आपल्या दोघींकडे राहिलं काय?"

फोन आपोआप बंद झाला. मग मेई खाटेपाशी सरकली, लेकीच्या कपाळावरचे केस मागे केले आणि तिला हाक मारली. घरातली, आखूड, हळू. म्हातारपणाने तिचा आवाज मधेच फाटला. मैदानाने म्हटला होता तो सूर यापेक्षा कितीतरी सुरेल होता.

रिशाची मान वर आली. "ओ," ती म्हणाली, आणि दोघी रडायला लागल्या. मामाही रडले, त्यांचा फोन अजून माझ्यातच होता.

त्यानंतर, डोळे पुसायच्याही आधी, रिशाने बाळाला तिचा सूर दिला.

आता आम्ही पुन्हा निघालो आहोत. रिशा नवी गाणी गाते, आज शिलाँगला कार्यक्रम आहे, बाळ आजीच्या पाठीवर बांधलेलं आहे आणि मी दाराशी उभी आहे. ऐका, वर जीपचा हॉर्न वाजला. तुमची भेट एखाद्या कार्यक्रमात झाली तर या, बसा, माझ्या झाकणावर खुशाल चित्रं चिकटवा. पण रिशाला ते जुनं गाणं म्हणायला सांगू नका. आणि एवढी बडबड केली, पोटातलं सगळं तुमच्यापुढे ओतलं, म्हणून बाळाचा सूर कसा आहे ते मला विचारू नका. मी तो ऐकला आहे. मी सांगणार नाही.