भांडणाआधी लिहिलेलं चौदावं कलम

मी चौदावं कलम बोलतोय. करारनाम्याच्या शेवटच्या पानावर माझा मुक्काम. तिथवर वाचणारी माणसं थोडी. बाकीची सही कुठं करायची तेवढंच विचारतात.

माझा जन्म कोल्हापुरातला, कुतुबुद्दीनचाचांच्या पायताणांच्या कारखान्यात. जर्मनीच्या ॲनाबाईंना पाचशे जोड पाठवायचे होते. वकील अदितीनं विचारलं, "चाचा, उद्या वाद झाला तर मिटवायचा कुठं?"

"शुभ कामात भांडणाचं नाव कशाला, पोरी? चुलतभावाच्या करारातलं घाल की कायतरी!"

त्या करारात तंटा परदेशी कोर्टात चालणार होता. चहा ठेवता ठेवता नजीराचाची म्हणाल्या, "आवं, निकाहात मोडलं तर बायकूला द्यायचा मेहर लिवलाच की! तवा अपशकुन झाला व्हय?"

चाचांनी कागद अदितीकडं सरकवला. मग मी सावकाश घडत गेलो. आधी तीस दिवस एकमेकांशी बोलायचं, संगणकाच्या पडद्यावर बोललं तरी चालेल. नाहीच जमलं तर एकच लवाद, म्हणजे निवाडा करणारा त्रयस्थ, चामड्याची जाण असलेला. ठिकाण मुंबई, कायदा भारताचा, कामकाज इंग्रजीत. पण चाचांना मराठीत बोलायची मुभा. ॲनाबाईंनीही एकेक ओळ वाचून होकार दिला.

माल पोचला आणि पत्र आलं. 'चालताना जोड आवाज करतात. सदोष आहेत. परत पाठवतो.'

चाचांनी ताट बाजूला सारलं. लांबची पाहुणी, तिला मान म्हणून त्यांनी आपणहून तळव्याच्या थरांत झाडाच्या बिया घालून करकर आणली होती. करारात त्या आवाजाबद्दल शब्दही नव्हता.

"तीन पिढ्यांत एक जोड परत आला न्हाय, नजीरा. आता कोर्टात खेचतील."

"खेचत नाहीत, चाचा," अदिती म्हणाली आणि तिनं मला मोठ्यानं वाचलं. "आधी बोलायचं."

पाचव्या दिवशी ॲनाबाई पडद्यावर आल्या. चाचा उठले, तसलाच जोड पायात घातला नि कारखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आले. करकर, करकर.

"म्याडम, ह्यो आवाज आमच्यात लोक मागून घेत्यात. तुमास्नी इचारलं न्हाय, ही चूक माझी."

अदितीनं इंग्रजीत सांगितलं. बाई म्हणाल्या, "पुन्हा एकदा चाला."

माल तिकडंच राहिला. प्रत्येक जोडाला त्या आवाजाची गोष्ट सांगणारी चिठ्ठी लागली. पुढच्या खेपेचे जोड मुके करायचे ठरले.

आता मी फायलीत पडून आहे. माझ्या खालच्या, लवादाच्या ओळींना कुणी हात लावला नाही, आणि लावू नये असंच मला वाटतं. एवढंच मागणं, दोघं हसत असताना मला लिहा, आणि 'आधी बोला' ही ओळ सगळ्यात वर ठेवा. माझे तीसपैकी पाचच दिवस खर्ची पडले. उरलेले पंचवीस तुम्हाला लागले, तर खुशाल घेऊन जा.