एका काडीचं अंतर

दोन पितळी गोळ्यांमधल्या फटीत आगपेटीच्या दोन काड्या शेजारी शेजारी बरोबर बसत होत्या. बाईंनी त्या काढून घेतल्या आणि वाकून पुन्हा पाहिलं. ठिणगी उडायची ती याच फटीत.

“अजून एका काडीचं अंतर द्या,” त्या म्हणाल्या.

“तुम्हाला अंतर द्यायचं?” बोर्डवाले स्क्रू फिरवत म्हणाले. “ऐकायला बरं नाही वाटत, बाई.”

खुर्चीत बसलेली बाईंची आई खुदकन हसली. बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. हवेत विजेच्या लांब ठिणग्या सोडणारी टेस्ला कॉइल स्वतःच्या हातांनी करायची, हे त्यांच्या मनात कॉलेजपासून होतं. पण आधी नोकरी, मग वडिलांचं आजारपण, असं करता करता ते राहूनच गेलं. बोर्डवाले काचेच्या नळ्या वाकवून, त्यांत निऑनसारखा वायू भरून दुकानांच्या झगमगत्या पाट्या करायचे. नव्या दिव्यांनी त्यांचा धंदा बसवला. उरले ते घरच्या विजेचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढवणारे जडशीळ ट्रान्सफॉर्मर. कॉइलला नेमके तेच हवे होते. शाळेची जुनी पाटी उतरवायला ते आले, बाईंनी दोन ट्रान्सफॉर्मर मागितले, आणि तेव्हापासून मायलेकींची रविवारची दुपार त्यांच्या कारखान्यात जाऊ लागली.

एकदा तांब्याची तार गुंडाळताना बोर्डवाल्यांनी मान वर न करता विचारलं होतं, “आपण लग्न करायचं का?”

“थांबा, वेढे मोजतेय,” बाई म्हणाल्या होत्या.

वेढे संपले. मग वीज साठवणारा कपॅसिटर व्हायचा राहिला होता, मग जमिनीत पुरायची तार. लोकांची भीती त्यांना नव्हती. एकटीच्या आयुष्याची घडी इतकी नीट बसली होती, की मोडायला हात धजत नव्हता. बोर्डवाल्यांनी पुन्हा विचारलं नाही. आज मात्र काहीच राहिलं नव्हतं. कॉइल चालली, की रविवारी इथे यायला निमित्त उरणार नव्हतं.

“एक हात पाठीमागे, म्हणजे झटका बसला तरी छातीतून जाणार नाही,” बाईंनी बजावलं. बोर्डवाल्यांनी शटर खाली ओढलं. मग दोघांनी डावा हात पाठीशी नेला आणि बाईंनी खटका दाबला.

दोन्ही ट्रान्सफॉर्मर घुमले. ठिणगी काही उडेना.

“गरजेल तो पडेल काय,” आई म्हणाली.

बाईंनी खटका बंद केला, लांब दांडीने कपॅसिटर रिकामा केला आणि वाकून जोडणी पुन्हा पाहिली. एकेकटे तपासले तेव्हा दोन्ही ट्रान्सफॉर्मर ठणठणीत होते. मग त्यांच्या लक्षात आलं.

“उलटे जोडले गेलेत. एक चढतो तेव्हा दुसरा उतरतोय. दोघं राबतायत, पण एकमेकांचं पुसून टाकतायत.”

“जोडले कुणी?” आईने विचारलं.

“मी.”

“तरीच.”

बोर्डवाले तोंड फिरवून हसले. बाईंनाही हसू आवरेना. हसतच त्यांनी एका ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारांची अदलाबदल केली, सगळ्यांना मागे सारलं, डावा हात पुन्हा पाठीशी नेला आणि खटका दाबला.

फटीत कडकडाट झाला. कॉइलच्या माथ्यावरून जांभळ्या फांद्या फुटून हवेत हात पसरू लागल्या. आणि भिंतीवर, जिथे मोडीत निघालेल्या पाट्यांची अक्षरं नुसत्या खिळ्यांना टांगलेली होती, तिथे एक ‘क’ लाल झाला, एक वेलांटी निळी झाली, आणि तारेचा स्पर्श नसताना सगळी भिंत उजळली.

“अगं बाई,” आई हळूच म्हणाली. “काय लिहिलंय ते?”

“काही नाही, आई,” बोर्डवाले भिंतीवरची नजर न काढता म्हणाले. “उरलीसुरली अक्षरं. पेटतील असं वाटलं नव्हतं.”

बाईंनी खटका बंद केला. अक्षरं विझली. बोर्डवाल्यांनी शटर वर केलं, दुपारचं ऊन आत आलं.

“झालं तुमचं काम,” ते ओठांवर हसू आणत म्हणाले.

बाईंचा डावा हात अजून पाठीमागेच होता. तो त्यांनी पुढे आणला. मुठीत आगपेटीच्या काड्या होत्या, घामाने ओलसर झालेल्या. त्या त्यांनी टेबलावर ठेवल्या.

“बोर्डवाले, आपण लग्न करू या,” त्या म्हणाल्या. “मी तुम्हाला अंतर देणार नाही.”