रांगेत पालथी कळशी

मी हापसा बोलतोय. बोलतोय कसला, कुरकुरतोय. साखळीला गंज चढलाय, आतला वायसर कधीच झिजून गेलाय, आणि माझ्या दांड्याला आता माणसं हात लावत नाहीत, बकऱ्या बांधतात. तरी बसा जरा ओट्यावर. बकरीला सरक म्हणा, ती सरकते. माणसांपेक्षा बरी आहे.

माझा जन्म औशाच्या रस्त्यावरून आत फुटणाऱ्या एका लहान गावातला. लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. जिल्हा नवा, दुष्काळ मात्र जुनाच. विहिरींचे तळ उघडे पडले तसे नवे साहेब जीपगाड्या घेऊन हिंडायला लागले. जीपच्या दारावरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून वर नवं लिहिलेलं असायचं, आणि जुनं खालून डोकावत असायचं. मग एकदा मशीन आली, गल्लीभर धूळ उडवून जमिनीला भोक पाडून गेली, आणि त्या भोकावर मला उभं केलं.

उद्घाटनाला साहेब आले. मला हार घातला, पहिला आणि शेवटचा. साहेबांनी दांडा मारला. मी नुसता घसा खाकरला. परत मारला. परत खाकरला. काय झालं म्हणून साहेबांनी वाकून माझ्या तोंडात बघितलं, आणि तेव्हा मी पाणी सोडलं. सगळी गल्ली हसली, आणि भिजल्या पँटीनं साहेबही हसले. तिथून मला ही खोड लागली ती लागलीच. कुणी नवं धोतर नेसून आलं की पिचकारी, कुणी तोऱ्यात आलं की कोरडी उचकी. पण सगळ्यांना सारखी. गुंडप्पा सरपंचाला वेगळी आणि मजुराला वेगळी असली थट्टा मी केली नाही.

शिक्षण म्हणाल तर अर्धं. माझ्या पाठीला शाळेची खिडकी, तिथून येईल तेवढं ऐकलं. सतरापर्यंत पाढे येतात. पुढच्या पाढ्यांना गुरुजींना डुलकी लागायची.

आता हापसायचं काम एकट्याचं नाही. एकानं दांडा मारायचा, एकानं तोंडाशी कळशी धरायची. एकटं माणूस आलं तर दांडा मारून कळशीकडं पळेपर्यंत निम्मं पाणी ओट्यावर. म्हणून माझ्याकडं सगळे जोडीनं यायचे. सासू-सून, जावा-जावा, भांडून अबोला धरलेल्या शेजारणीसुद्धा. तोंड फिरवून हापसायच्या, पण हापसायच्या. कोणाची जोडी कोणाशी आहे ते बघितलं की गल्लीत काय चाललंय ते मला कळायचं.

नीलम्माची जोडी पंचफुलाशी. दोघी दहावीला. नीलम्मा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदार ईश्वरप्पाची लेक. पंचफुला पलीकडच्या आळीतली, चार भावांत वाढलेली, तोंडानं तिखट. एक हापसायची, एक धरायची, आणि दोघी मिळून गुरुजींच्या चालण्याची नक्कल करायच्या. त्यांच्यावर मी पिचकारी मारली की त्या ओंजळीनं माझ्यावरच पाणी उडवायच्या. उलट माझी थट्टा करणाऱ्या गल्लीत त्या दोघीच.

मग ती जीप आली.

नीलम्मा आईचं औषध आणायला औशाला गेली होती. परतीची एसटी आलीच नाही. सरकारी दवाखान्याची नर्सबाई जीपमधून इकडंच येत होती, तिनं पोरीला ओळखलं आणि बसवून घेतलं. पोरीला गाडी लागते म्हणून पुढं बसवलं, स्वतः मागं औषधांच्या खोक्यांत बसली. भामाबाई शेतातून येत होती. तिला दिसला पुढचा ड्रायव्हर आणि पुढची नीलम्मा. मागचं खोकं-बिकं काही दिसलं नाही.

भामाबाई वाईट बाई नाही. फक्त तिच्या पोटात पाणी राहत नाही, आणि दुष्काळात रांग लांब. दोन कळश्यांच्या मधे बोलायला भरपूर वेळ.

"ईश्वरप्पाची पोरगी जीपमधी बसून आली म्हणं."

"कुणासंग?"

"आता ते मी कसं सांगू माय. पुढंच बसली व्हती, येवढं बगितलं."

रांगेच्या पुढच्या टोकाला हे निघालं, मागच्या टोकाला पोचेपर्यंत जीपमध्ये साहेब बसला होता. दुसऱ्या दिवशी साहेबानं तिला औशात बांगड्या भरल्या होत्या. मी सगळं ऐकत उभा. नर्सबाईला विचारावं असं एकीलाही सुचलं नाही. मला तोंड होतं, पण ते पाण्याचं.

पोरं नीलम्मा दिसली की जीपच्या भोंग्याचा आवाज काढायला लागली. वर्गात, गल्लीत, देवळापुढं. पंचफुलाच्या भावांनी तिला दम दिला, त्या पोरीसंग दिसलीस तर बघ. पंचफुला नुसती लांब झाली असती तरी चाललं असतं. पण आपण लांब आहोत हे चार लोकांना दाखवायचं म्हणून चिडवण्यात तीच सगळ्यांत पुढं गेली.

नीलम्मा एकटी यायला लागली. दांडा मारायची, पळायची, कळशी धरायची, परत दांडा. रांगेतल्या बाया म्हणायच्या, "आगं पानी सांडायलीस की, दुष्काळ हाय." धरायला मात्र कोणी पुढं होईना. मी माझ्या परीनं धार थोपवून बघितली. मी साधा हापसा, माझ्यानं काय होणार.

आता आमच्या गल्लीची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दुष्काळात माणूस दिवसभर रांगेत उभं राहू शकत नाही, म्हणून त्याच्या जागी त्याची कळशी उभी राहते. आणि ज्या घरी मयत झाली त्या घरचं कोणी पाण्याला येत नाही. शेजारी त्यांची कळशी आणून रांगेत पालथी ठेवतात. पालथी कळशी दिसली की कोणी काही विचारायचं नाही. नंबर आला की जो असेल त्यानं सुलटी करायची, भरायची, आणि त्या घराच्या दाराशी गुपचूप ठेवून यायची. कुठल्याही जातीचं घर असो. ही रीत मला फार आवडायची. माणसांचं एवढं एक मी कौतुकानं सांगायचो, बकरीला.

एक दिवस पंचफुलानं नीलम्माची कळशी रांगेत पालथी घातली.

"नीलम्मा वारली गं," ती म्हणाली, "आता साहेब येतो का बगू पानी भरायला."

पोरी हसल्या. बायांनी तोंडाला पदर लावला, पण पदराआडूनही हसू दिसतं. नीलम्मानं कळशी सुलटी केली आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी परत पालथी. मग रोजच. "थट्टा केली की," पंचफुला म्हणायची. मी जन्माचा थट्टेखोर. भिजलेला हसला तर ती थट्टा, एवढं मला अर्ध्या शिक्षणात कळतं.

घरी काही बरं नव्हतं. ईश्वरप्पानं शाळा बंद केली. "लोकांत तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाई," म्हणाला. ओट्यावरून त्यांचं दार दिसतं, आवाजही येतो. आई गौरम्मा आजारी, ती नुसती रडायची. नीलम्मा एकदा म्हणाली, "अप्पा, जीपमधी नर्सबाई व्हती." ईश्वरप्पा म्हणाला, "लोकं येडी हायत का मग?" त्यानंतर ती कोणाशी फारसं बोलली नाही. दुपारी सामसूम असताना यायची आणि माझ्या तापल्या दांड्यावर कपाळ टेकून उभी राहायची. चटका बसायचा तरी काढायची नाही.

मग एका सकाळी ती वेगळीच दिसली. वेणी घातलेली, चेहरा शांत. घरचं सगळं पाणी भरून झाल्यावर तिनं आपली कंपासपेटी पंचफुलापुढं ओट्यावर ठेवली. "घे. तुजी मोडलीय न्हवं. मला आता लागत न्हाई." पंचफुला काहीतरी टोचून बोलायला गेली आणि बोललीच नाही. पेटी घेऊन गेली.

त्याच दुपारी नीलम्मा परत आली. कळशी रांगेत ठेवली. स्वतःच्या हातानं पालथी. आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.

मला ओरडायचं होतं. मी हापसा. कोणी हलवल्याशिवाय मला कुरकुरताही येत नाही.

बाया आल्या. पालथी कळशी बघितली, आणि रोज ती पालथी घालणारी पंचफुला आज जवळपास नव्हती. आणि रीतीप्रमाणं कोणी काही विचारलं नाही. भामाबाईसुद्धा गप्प, आयुष्यात एकदा जिथं तिनं तोंड उघडायला हवं होतं तिथंच गप्प. नंबर आल्यावर तिनंच कळशी सुलटी केली आणि समोरच्या म्हाताऱ्या पारूबाईला म्हणाली, "धर माय जरा." दोघी भरायला लागल्या. एवढ्यात पंचफुला आली.

"ही कळशी कुनी पालथी ठिवली?"

"तूच ठिवतीस की रोज," भामाबाई म्हणाली. "आज तू न्हवतीस, मला वाटलं खरंच कुनी गेलं. गौरम्मा न्हाई ना?"

"गौरम्मा आत्ता दुकानात बसलीया. मी तर सकाळनंतर आत्ताच येतीया." बोलता बोलता पंचफुला त्या बंद दाराकडं वळली. "माय, तिनं मला सकाळी कंपासपेटी दिली."

पारूबाईनं कळशी सोडली. ती कंबर दुखते म्हणून रोज मला शिव्या देणारी म्हातारी, पण त्या दिवशी ती पंचफुलाच्या आधी त्या दारात पोचली.

"नीलू. मी पारूमाय. दार उघड."

ती दाराला टेकून खाली बसली.

"नीलू, सरळ इचारते. जीव द्यायचा इचार हाय का तुजा? मी ओरडनार न्हाई, कुनाला हाक मारनार न्हाई. खरं सांग."

रांगेतली एक बाई कुजबुजली, असं काय विचारतात का. पारूबाईनं मागं वळूनही बघितलं नाही. आतून आवाज आला.

"व्हय."

"बरं. माज्या बहिनीचा पोरगा व्हता कंधारला. तुज्यायेवढा. पोरं त्याला चिडवायची, घरच्यांना वाटलं पोरांचं चालायचंच. त्याला कुनी इचारलं न्हाई. मीबी न्हाई. तो गेला. आता मी दारात बसले, माजी कंबर लई दुखायली. तू कडी काढ, मग दोगी बसू. लोकांचं काय करायचं ते मग बगू."

पंचफुला उंबऱ्यावर डोकं टेकून म्हणत होती, "मी लबाड हाय. नीलू, मी लबाड हाय." तेवढंच.

कडी निघाली.

पारूबाईनं त्या दिवशी तिला एकटं सोडलं नाही, रात्री शेजारी निजली. सकाळी दवाखान्यात निरोप धाडला. नर्सबाई त्याच जीपमधून आली, पुढं बसून. नीलम्माशी दार लावून बोलली, मग ईश्वरप्पाला बाहेर बोलावून सगळ्यांदेखत म्हणाली, "अहो, त्या दिवशी मागं मी होते. कोणी विचारलंच नाही मला." ती पुढंही येत राहिली. बरं होणं एका दिवसाचं नव्हतं. नीलम्माला हसायला फार महिने लागले. आणि अफवा मेली नाही, थकली फक्त. दुसऱ्या कुणाच्या दारात जाऊन बसली.

पण एक सांगतो. दोन दिवसांनी ईश्वरप्पा स्वतः हापशावर आला. बाप्ये आमच्याकडं हातपाय धुवायला यायचे, पण घरचं पाणी भरायला नाही, त्यात त्यांना कमीपणा वाटायचा. त्यानं भरल्या रांगेपुढं धोतर खोचलं आणि दांडा धरला. "नीलू, धर," म्हणाला. तिनं कळशी धरली. दोघं एकमेकांकडं बघेनात. मला सहन होईना. मी पोटात हवा धरली आणि अशी पिचकारी मारली की ईश्वरप्पाच्या कपाळावरचं भस्म वाहून मिशीत आलं.

नीलम्मा हसली नाही. पण तिनं पदराचं टोक पुढं केलं, बापानं त्या टोकानं तोंड पुसलं आणि पदर सोडलाच नाही. तसाच तोंडावर धरून उभा राहिला, खांदे हलत होते. मागून पंचफुला आली आणि दांड्याला लागली.

पुढं घरोघरी नळ आले. माझं पाणी खोल गेलं, मग गेलंच. आता बायांना रांगेत उभं राहावं लागत नाही, चांगलं झालं. फक्त कोण एकटं पाणी भरतंय ते आता कोणाला दिसत नाही. गोष्टी मात्र पूर्वीपेक्षा लवकर पसरतात, हे ओट्यावर बसून मोबाइल बघणाऱ्या पोरांकडून कळतं.

दमलो बघा मी. मला भंगारात घालायचं ठरलंय, घाला. एवढंच करा, कोणाचं पोर गप्प झालेलं दिसलं, आपल्या जीवाभावाच्या वस्तू वाटायला लागलं, तर रीत पाळून गप्प बसू नका. पारूबाईसारखं दारात बसा आणि सरळ विचारा. विचारल्यानं कोणी मरत नाही. आणि मग उठून जाऊ नका.

चला. बकरीला परत जागेवर बांधा, आणि जाता जाता एकदा दांडा हलवा. पाणी नाही यायचं. नुसती माझी जुनी उचकी ऐका आणि हसा.