फुआतिनोची चटई

फुआतिनोच्या बेकरीत मिठाला हात लावायचा तो फक्त तिनेच. सामोआतल्या सालेलोलोगा बंदराच्या धक्क्याजवळ एका भट्टीवर सुरू केलेला धंदा नऊ वर्षांत तीन भट्ट्या आणि सात बायांवर गेला, तरी कणीक, आच, गिऱ्हाइकांचे फोन, सगळं तिच्याच डोक्यावर. "दुसऱ्यावर सोडलं की वाट लागलीच म्हणून समजा," असं ती म्हणायची आणि स्वतः मरमर मरायची.

त्यात किनाऱ्यावरच्या हॉटेलाने रोज चारशे नारळपाव मागितले. आठवडाभर बघू, आवडले तर वर्षभर घेऊ, असं ठरलं. हे काम टिकलं तरच पुढच्या गावात दुसरं दुकान निघणार होतं. नऊ वर्षं ती त्याचीच वाट बघत होती.

चौथ्या दिवशी हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करणारा पेलेनातो पावाची खोकी परत घेऊन आला.

"काकू, समुद्राचं पाणी घातलंत का हो?"

फुआतिनोने तुकडा तोंडात टाकला आणि थुंकला. मीठ दुप्पट.

"उद्या नीट आले तर ठीक, नाहीतर साहेब बोटीने पलीकडच्या बेटावरून मागवणार," एवढं सांगून तो गेला.

"मिठाला कोणी हात लावला?" फुआतिनो कडाडली. सहा जणी खाली बघू लागल्या. फक्त लेउता, पहिल्या भट्टीपासूनची तिची जोडीदारीण, कोपऱ्यातली चटई उलगडून मांडी घालून बसली.

"ऊठ गं. ही काय बसायची वेळ आहे?"

"मला बोलायचंय, मावशी."

फुआतिनो जागच्या जागी थबकली. मोठ्या माणसासमोर उभ्याने महत्त्वाचं बोलायचं नाही. आधी मोठ्याने बसायचं, मग लहानाने तोंड उघडायचं, हे सामोआत पोरंसोरंही जाणतात. ती देवळात बसायची, भावाच्या घरी बसायची. बेकरीत मात्र नऊ वर्षांत एकदाही टेकली नव्हती.

ती गुडघे धरत चटईवर बसली.

"मीठ तुम्हीच दोनदा घातलंत," लेउता म्हणाली. "मध्ये फोन आला. परत येऊन पुन्हा घातलंत. आम्ही सगळ्यांनी पाहिलं."

"आणि बोलला नाहीत?"

"तुम्ही उभ्या होतात. तुमची चूक तुम्हाला उभ्याने कशी दाखवायची?"

फुआतिनोला आधी राग आला, मग लाज वाटली. "अजून काय काय पाहिलंत?" तिने विचारलं. बाकीच्याही हळूहळू चटईभोवती बसल्या. मधली भट्टी डावीकडून करपवते. नारळाचं दूध पहाटे काढलं तर टिकतं. फोन कोणीही घेऊ शकतं. हे सगळं त्यांना वर्षानुवर्षं ठाऊक होतं.

दुसऱ्या पहाटे फुआतिनो चटईवर बसली आणि मीठ लेउताने घातलं. तिचे हात शिवशिवत होते, पण ती उठली नाही. दुपारी पेलेनातोचा निरोप आला: पाव छान होते, आठवडा संपायची गरज नाही, वर्षभर घेऊ.

लेउता हात पुसून समोर बसली. "मावशी, एक बोलू? दुसरं दुकान तुम्ही नका ओढू. तुम्ही दमलायत. ते मी सांभाळते."

फुआतिनोचे डोळे भरून आले. आपल्याशिवाय कोणी नाही या भीतीने तिने नऊ वर्षं काढली होती, आणि ही बाई इतकी वर्षं हाताच्या अंतरावर होती.

"मग दुकानाची जागा बघायला मी कशाला जाऊ?" ती म्हणाली. "उद्या तू जा."