बाजूला काढून ठेवलेलं

कचेरीत तिला सगळे कात्री म्हणत. नाव पाळकसाहेबांनी पाडलेलं. पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, नवं भाषांतर चाललेल्या त्या खोलीत कुणी एका शब्दाच्या जागी चार घातले, की ही बाई तीन छाटायची आणि उरलेल्या चौथ्याकडेही संशयाने बघायची. टेबलाशी तिघंच बसत. पाळकसाहेब संपादक. सगळ्यांत लहान होती ती ग्रीकवाली, मूळ मजकूर तिच्या ताब्यात. ती अर्थ सांगायची, कात्री तो आपल्या भाषेत आणायची, आणि पाळकसाहेब डोळे मिटून ऐकत बघायचे, की हे चर्चमध्ये मोठ्याने वाचलं तर लोक जागे राहतील की नाही.

पण हल्ली कात्रीची धार गेली होती. मध्येच उठून ती खिडकी उघडायची, खालच्या चष्म्याच्या दुकानाची पाटी वाचायची, खिडकी लावायची, पुन्हा उघडायची. चहावर साय धरायची. एकदा तर 'आणि' हा शब्द सलग दोनदा तिच्या नजरेतून सुटला, तेव्हा पाळकसाहेबांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं होतं.

तिच्या जिवाला घोर होता तो पाठच्या भावाचा. तो गाडी चालवायला शिकवायचा, म्हणून घरीदारी सगळे त्याला मास्तर म्हणत. धडधाकट माणूस, आवाज असा की रस्त्यापलीकडचा शिकाऊही दचकून ब्रेक दाबेल. त्याच्या दोन्ही किडन्या बसल्या. एक दिवसाआड मशीनला जोडून घ्यायचं आणि घरी येऊन भिजल्या कापडासारखं पडून राहायचं, हे त्याचं आयुष्य झालं. कुणाची तरी किडनी मिळाली तर सुटका होती. आई थकलेली, बायकोला मधुमेह. राहता राहिली ताई.

कात्रीने तपासण्या करून घेतल्या. नाही कोण म्हणणार? डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि सांगितलं, "छान जुळतंय. पण देणं न देणं तुमच्या मनावर आहे. नको असेल तर घरच्यांना आम्ही एवढंच कळवू, की तुम्ही देऊ शकत नाही. कारण कुणालाही सांगत नाही."

"विचार करून सांगते," कात्री म्हणाली.

दार उघडून ती बाहेर आली. समोरच्या बाकावर आई, मास्तर आणि मास्तरची बायको बसलेली. तिन्ही चेहरे एकदम वर झाले. विचार करायला तिला दारापासून त्या बाकापर्यंतचं अंतर मिळालं, आणि तेवढ्यात तोंडून निघून गेलं, "नाही जुळलं."

तिला रडू फुटलं, आणि ते खोटं नव्हतं. मास्तर उठून जवळ आला. "अगं वेडे, तू काय मुद्दाम केलंस का? तपासून घेतलंस हेच खूप झालं." तो तिची समजूत काढत होता! दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरीणबाईंना फोन करून 'नको' म्हणून सांगून टाकलं.

वाटलं होतं, विषय संपला. पण आईने रविवारी प्रार्थनासभेत उभं राहून साक्ष दिली. "माझ्या लेकीने भावासाठी आपला देह पुढे केला. देवाने तो घेतला नाही, त्याची मर्जी. पण लेकीने हात आखडला नाही." सगळ्या माना वळल्या. नंतर बायकांनी तिचे हात हातात घेतले, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी डोळे पुसले. कात्रीला कुठे तोंड लपवावं कळेना. त्या दिवसापासून तिची झोप उडाली.

का नको होतं? तिने स्वतःला हजारदा विचारलं. भीती होतीच. सुरी, भूल, पोटावरची शिवण. पण एवढंच असतं तर तिने दातावर दात धरून निभावलं असतं. घरात जे काही वाटलं गेलं, त्यात मोठा वाटा मास्तरकडे जायचा. खिडकीजवळची खाट त्याची. पुढे शिकायची वेळ आली तेव्हा दोघांचं एकदम जमणार नव्हतं, म्हणून 'तू मोठी, तू समजूतदार' असं म्हणून तिला थांबवलं. ग्रीक शिकायचं ते राहिलंच. आज ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकावं लागत होतं. तिने कधी तक्रार केली नाही. पण या वेळी आतून कुणीतरी पाय रोवून उभं राहिलं होतं आणि म्हणत होतं, आता हे तरी माझं राहू दे. त्या आवाजाची तिला लाज वाटायची, आणि तो आवाज काही केल्या गप्प बसत नव्हता.

अशात एके सकाळी तो शब्द टेबलावर आला.

नव्या करारातल्या एका पत्रातला उपदेश होता, नोकरांनी धन्याशी कसं वागावं याचा. जुन्या भाषांतरात 'चोरी करू नये' असं होतं.

"चोरी म्हणता येईल," ग्रीकवाली म्हणाली, "पण माझं मन घेत नाही. चोरीला ग्रीकमध्ये सरळ शब्द आहे, क्लेप्टो. क्लेप्टोमेनिया म्हणतात ना, त्यातला. इथे तो नाही. इथे आहे नोस्फिझोमाई. नोस्फी म्हणजे दूर, बाजूला. जे दुसऱ्याचं म्हणून आपल्या हातात सोपवलंय, त्यातलं थोडं गुपचूप स्वतःसाठी बाजूला काढायचं."

पाळकसाहेब खुलले. "चोरीला आपल्याकडे शब्दांचा तोटा नाही. ढापणे, लांबवणे, हात मारणे, डल्ला मारणे, घशात घालणे. या बाबतीत आपली भाषा गर्भश्रीमंत आहे. कशी झाली ते मात्र विचारू नका. काय गं कात्री, ढापणे चालेल?"

कात्री खिडकीशी उभी होती. "हातचं राखणे," ती म्हणाली.

"छे! हातचं राखणं हा काय गुन्हा आहे? आमच्या हिने हातचं राखलं नसतं तर आमची पोरं उपाशी राहिली असती."

"हाच शब्द अजून एका गोष्टीत येतो," ग्रीकवाली म्हणाली. "ते नवरा-बायको, शेत विकणारे. थोडं मागे ठेवलं, उरलेलं प्रेषितांच्या पायाशी आणून टाकलं आणि हेच सगळं म्हणून सांगितलं. तिथे 'मागे ठेवलं' ला हाच शब्द आहे."

ती गोष्ट कात्रीला लहानपणापासून पाठ होती. नवरा जागच्या जागी कोसळतो, मागून आलेली बायकोही कोसळते. लहानपणी ती ऐकून ती आईला बिलगायची. तरीही तिने विचारलं, "ठेवलं म्हणून मेला का तो?"

"नाही ना. प्रेषित त्याला तेच विचारतो. शेत होतं तोवर तुझंच होतं, विकल्यावरही सगळं तुझ्याच हातात होतं. म्हणजे ठेवायला कुणाची ना नव्हती."

"मग?"

"सगळं दिल्याचा आव आणला." ग्रीकवालीने खांदे उडवले. "पण हे गोष्टीतून निघतं हं, शब्दातून नाही. शब्द एवढंच म्हणतो, गुपचूप बाजूला काढलं."

कात्री बाहेर गेली. नळाखाली तोंड धरून बराच वेळ उभी राहिली. परत आली तेव्हा पाळकसाहेबांनी कागदावर लिहून ठेवलं होतं, 'काही गुपचूप बाजूला काढून ठेवू नये.'

"लांबलंय," ते म्हणाले. "छाट."

"राहू द्या," कात्री म्हणाली. पाळकसाहेबांनी पुन्हा चष्मा काढला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत न जाता ती थेट शिकवणीच्या मैदानावर गेली. मास्तरचा मशीनचा दिवस नव्हता. एक बाई शिकून उतरत होत्या, घामाघूम. मास्तर आपल्या बाजूच्या सीटवर बसून राहिला होता; हल्ली उगीच चढउतार करत नसे. कात्री चालकाच्या सीटवर जाऊन बसली.

"अरे वा, ताई! शिकतेस की काय? घाबरू नको, माझ्या पायाखालीही ब्रेक आहे."

"जुळलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"किडनी. त्या दिवशी मी खोटं बोलले. जुळलं होतं, छान जुळलं होतं. मीच नको म्हणाले."

मास्तर काचेतून समोर बघत राहिला. मैदानाच्या कडेला कुणीतरी खुणेचे रबरी शंकू उचलून एकात एक घालत होतं. त्याने दार उघडलं, उतरला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि तिच्या खिडकीशी येऊन वाकला. चेहरा राखेसारखा झाला होता.

"आता देणार आहेस?"

"नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "माहीत नाही. नाही बहुतेक."

"मग सांगितलंस कशाला?" त्याचा जुना आवाज परत आला होता, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा. "आत्तापर्यंत नशिबाला शिव्या घालून झोप लागायची मला! आता कुणाला घालू? तुला?"

"मला घाल."

"स्वतःचं ओझं उतरवायला आलीस तू इथे. उतर. उतर गाडीतून."

ती उतरली. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हे तिला चालता चालता कळलं, आणि छाती हलकी होण्याऐवजी अजूनच दाटून आली.

संध्याकाळी तिने आईलाही सांगितलं. आधी मास्तरकडून कळू नये म्हणून. आई पालेभाजी निवडत होती. निवडतच राहिली. मग म्हणाली, "मी चारचौघांत उभी राहून बोलले. मला तरी अडवायचंस."

"हो, आई."

"भाऊ आहे तो तुझा."

"हो."

"तू अशी नव्हतीस गं."

"अशीच होते," कात्री म्हणाली. "तुला कधी बघायची वेळ आली नाही."

आईने भाजीची परात आत नेऊन ठेवली आणि लेकीशी बोलणं टाकलं.

पुढच्या रविवारी कात्री स्वतः सभेत उभी राहिली. "माझ्या आईने जे सांगितलं ते तिला खरं वाटलं म्हणून सांगितलं. ते खरं नव्हतं. मला देता येत होतं, मी दिलं नाही." एवढंच बोलून ती खाली बसली. शेजारची बाई नकळत थोडी सरकली. ज्यांनी हात हातात घेतले होते त्यांनी त्या दिवशी चपला शोधण्यात फार वेळ घालवला. कुणी कोसळलं मात्र नाही. ती पायी घरी आली, जेवली, आणि रात्रभर कूस बदलत पडून राहिली. पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे जावं का? एका कुशीवर हो वाटायचं, दुसऱ्या कुशीवर नाही. सकाळी उत्तर तेच होतं, पण निदान आता ते तिला कुणापासून लपवावं लागत नव्हतं.

मास्तरचा फोन बरेच दिवस आला नाही. आला तेव्हा त्याने कशी आहेस म्हणूनही विचारलं नाही.

"बायको माहेरी गेलीय, तिच्या वडिलांचं दुखणं निघालंय. मशीनवरून उठल्यावर मला एकट्याला घरी येववत नाही. येशील?"

"येते."

मशीनच्या खोलीत रांगेने खुर्च्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीत एक माणूस नळ्यांना जोडलेला. मास्तर कोपऱ्यात होता, पांघरूण छातीपर्यंत ओढून. दंडातून रक्त बाहेर जात होतं, फिरून परत येत होतं. कात्रीने हे कधी बघितलं नव्हतं. इतके महिने लोटले, ती एकदाही इथे आली नव्हती. स्टूल ओढून ती जवळ बसली.

नर्सने येऊन आकडे बघितले आणि हसून विचारलं, "मास्तर, आज या कोण नवीन?"

"बहीण," मास्तर म्हणाला. आणि मग सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात, "सख्खी. हिची किडनी जुळते. देत नाही."

पलीकडच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याने मान उचलली. नर्सचं हसू अर्ध्यावर थांबलं. एक बाई वाचत होती, तिने पान उलटायचं सोडून कात्रीकडे बघितलं. कात्रीचे कान तापले. उठून जावं असं तिच्या पायांनी ठरवलंही होतं.

"खरं आहे," ती नर्सला म्हणाली. ती उठली नाही.

मशीन घरघरत राहिलं. मास्तरने डोळे मिटले. बऱ्याच वेळाने, तिला वाटलं त्याला झोप लागली, तेव्हा तो डोळे न उघडताच म्हणाला, "पाय गार पडतात माझे इथे."

तिने खालून पांघरूण ओढून त्याच्या पावलांभोवती खोचलं आणि वरून दोन्ही हातांनी धरून ठेवलं. पावलं खरंच बर्फासारखी होती.

"परवाही यावं लागेल," तो म्हणाला.

"येईन."

"मी तुला माफ केलेलं नाही."

"माहीत आहे."

"घट्ट धर जरा," मास्तर म्हणाला.